आणणाऱ्याचा पहिला घोट

अभय वाहुळ हा विचारून बघणारा माणूस. चप्पल घ्यायची झाली तरी आधी तो तसली चप्पल घालणाऱ्यांना गाठतो, मग न घालणाऱ्यांना का घालत नाही म्हणून विचारतो, आणि एवढा खटाटोप करून घेतलेली चप्पल त्याला चावते. दिघ्याच्या एका रंगाच्या कंपनीत तो क्वालिटीला आहे. तिथे हा स्वभाव उपयोगी पडतो. डबा उघडायचा, नमुना काढायचा, ताडून बघायचा, शंका आली तर माल अडवायचा. आयुष्यात मात्र माल अडवून ठेवला की मागची गाडी हॉर्न वाजवायला लागते, आणि अभय घाबरून भलतंच काहीतरी पास करून टाकतो.

गाव जिंतूर. वडील सिताराम वाहुळ नगरपालिकेच्या पाण्याच्या टाकीवर कामाला होते. उभी नोकरी टाकीची शिडी चढण्या-उतरण्यात गेली आणि शिडीने निवृत्तीला त्यांचे दोन्ही गुडघे ठेवून घेतले. बहीण शर्मिला नांदेडला दिलेली. घरात आता बाबा आणि आई बायजाबाई, दोघंच. त्यांना कामोठ्याला आणायचं हे अभयने ठरवून वर्ष होत आलं होतं. अडचण एकच, अभय राहायचा चौथ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. बाबांनी एकदा फोनवर सहज विचारलं होतं, किती पायऱ्या आहेत रे? दिवसभर मोजमाप करणारा हा माणूस म्हणाला होता, मोजल्या नाहीत.

आणि तळमजल्यावर, मागच्या बाजूला, दोन खोल्या रिकाम्या पडल्या होत्या. पुढे हातभर अंगण, अंगणात कढीपत्त्याचं झाड. अभय रोज कामावर जाताना त्या कुलपाकडे बघायचा.

इमारत हिरामणशेठ घरतांची. घरत मूळ कामोठे गावातलेच. सिडकोने शेती घेतली आणि बदल्यात जो साडेबारा टक्क्यांचा प्लॉट दिला त्यावर शेठने चार मजले चढवले. पहिल्या मजल्यावर स्वतः, बाकी भाडेकरू. मग सरळ शेठला जाऊन खोल्या मागायच्या की नाही? पण अभयने शेठ सोडून सगळ्यांना विचारलं. याला कारणही होतं. कामोठ्यात खोली शोधत फिरताना काही एजंट त्याला आधी पूर्ण नाव विचारायचे, आणि नाव सांगितलं की खोली नेमकी तेवढ्यात भाड्याने गेलेली असायची. हिरामणशेठनेही नाव विचारलं होतं, पण ते लेटरबॉक्सवर लिहायला. असा मालक एकदा नाही म्हणाला की संपलं, दुसरा कुठून आणायचा? म्हणून अभय 'हो' मिळेल असा मुहूर्त बघत राहिला.

मुहूर्त चालून आला तो शेठच्या साठीचा. कामोठ्याच्या नाक्यावर बॅनर लागला. त्यात काळा चष्मा लावलेले शेठ मोबाईल कानाला लावून कुणाशी तरी बोलत होते, आणि खाली शुभेच्छुकांमध्ये, अगदी तळाला, 'समस्त भाडेकरू' होते. आपण शुभेच्छा दिल्या हे अभयला तिथे कळलं. त्याच संध्याकाळी शेठ जिन्यात भेटले आणि म्हणाले, "रविवारी सांजच्याला गच्चीवं ये. मटन हाय. आनि येताना काय आनू नको."

झालं. 'काय आणू नको' या तीन शब्दांनी अभयची झोप उडवली. जिंतूरला कुणी असं म्हणालं की माणसं पावशेर पेढे नेतात आणि यजमान 'कशाला आणलं' म्हणून रागावतो, प्रश्न मिटतो. पण इथे? इथे खरंच आणू नको असं असतं, की आणलं नाही तर लक्षात राहतं? बाजूच्या टेबलावर बसणारा तेजस जन्मापासून ठाण्याचा, त्यामुळे सगळ्या विषयातला जाणकार. त्याने चहा संपायच्या आत अर्थ लावून दिला. काय आणू नको म्हणजे किरकोळ काय आणू नको. बुके नेलास तर सकाळी कचऱ्याच्या डब्यात. शाल नेलीस तर त्यांच्याकडे कपाटभर आहेत. बाटली ने. चांगली व्हिस्की. गाववाल्यांना बाटली दिली की विषय संपला.

अभय म्हणाला, पण मी घेत नाही.

"तुला कोण पी म्हणतंय? त्यांना दे. हलवाई काय स्वतः बसून पेढे खातो का?" तेजस म्हणाला.

हे अभयला पटलं. म्हणजे पटल्यासारखं वाटलं. खात्रीसाठी त्याने रणजीत नावाच्या एका एजंटला विचारलं, तो म्हणाला बाटलीच. इस्त्रीवाल्याला विचारलं, तो तर हसलाच, आणि हसण्याचा अर्थही अभयने बाटली असाच घेतला. एका माणसाला मात्र त्याने विचारलं नाही. बाबा रोज संध्याकाळी बुद्धवंदना म्हणायचे आणि पाचव्या शीलाला, मद्य घेणार नाही म्हणतात तिथे, त्यांचा आवाज एक पट्टी चढायचा. त्यांना फोन करून 'कोणती नेऊ' असं कसं विचारणार?

वाईन शॉपच्या जाळीपुढे अभय आयुष्यात पहिल्यांदा उभा राहिला. इतर लोक हात घालून, दोन शब्द बोलून, वस्तू घेऊन निघून जात होते. अभयला कुणीतरी विचारलं, काय देऊ, आणि तो म्हणाला, साठ वर्षांच्या माणसासाठी काहीतरी. दुकानदाराने डोंगराचं चित्र असलेली एक खोक्यातली बाटली पुढे केली. अभयने ती सवयीने उलटीपालटी करून बघितली. बॅच नंबर सापडला, तारीख सापडेना.

"एक्सपायरी कुठे दिलीये?" त्याने विचारलं.

दुकानदाराने त्याच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाला, "ही नाय होत खराब. घेनारा होतो."

पुढचा घोळ कागदाचा. खोकं तसंच कसं न्यायचं? स्टेशनरीच्या दुकानात गिफ्टचा कागद मागितला तर वाढदिवसाचा म्हणून फुगे धरलेले हत्ती छापलेला एकच शिल्लक होता. हत्ती गुंडाळूनही ते खोकं बाटलीचंच दिसत होतं. ते बगलेत धरून, चोरासारखा भिंतीकडेने अभय इमारतीत शिरला, तर तळमजल्याच्या पायरीवर सरस्वतीकाकी, म्हणजे शेठच्या बायको, केटररच्या माणसाला झापत उभ्या. त्यांनी बोलणं अर्ध्यात थांबवलं. हत्तींकडे बघितलं, मग अभयच्या तोंडाकडे बघितलं, आणि मान फिरवली. नेहमी त्या म्हणायच्या, जेवलास का रं? आज नाही म्हणाल्या. का नाही म्हणाल्या, याचा विचार करत तो चार मजले चढला.

गच्ची भरली होती. लायटिंग, डीजे, एका कोपऱ्यात तांदळाच्या भाकऱ्या थापणाऱ्या बायका, मटणाचा वास थेट खांदेश्वर स्टेशनपर्यंत जाईल असा. शेठ पांढऱ्या शर्टात, गळ्यात जाड चेन, मधोमध खुर्चीवर. लोक येत, बुके देत, शाल घालत, फोटो काढत. दिलेली वस्तू बाजूच्या टेबलावर जात होती. अभयने हत्ती पुढे केले. शेठने ते हातात घेऊन नुसतं तोललं. चेहऱ्यावर एक हसू येऊन गेलं, आणि टेबलावर न ठेवता त्यांनी ते खुर्चीखाली, पायांच्या मागे सरकवलं. हे मानाचं लक्षण की लाज वाटल्याचं? अभय भाकरीच्या रांगेत उभा राहून हेच ठरवत होता, तेवढ्यात निरोप आला. शेठ टाकीमागे बोलावतायत.

पाण्याच्या टाकीमागे चार प्लॅस्टिकच्या खुर्च्या, मध्ये एका उलट्या क्रेटवर स्टीलचे पेले आणि तळलेले बोंबील. शेठचे धाकटे भाऊ किसनशेठ आधीच बसलेले. शेठ अजून पाहुण्यांत अडकले होते, म्हणून किसनशेठने अभयला बसवून घेतलं आणि गप्पा मारता मारता त्याच्या पायाखालची गच्ची काढून घेतली.

म्हणजे असं. अभयने धीर करून विचारलं की तळमजल्याच्या खोल्या कुणाला द्यायच्या ठरल्यात का. किसनशेठ म्हणाले, त्या खोल्या दादाच्या हातात नाहीतच, वहिनीच्या हातात आहेत. आधीचा भाडेकरू पिऊन यायचा, एकदा कढीपत्त्याच्या झाडाला मिठी मारून रात्रभर रडला, एकदा खिडकी फोडली. तेव्हापासून वहिनीने ठरवलंय, पिणाऱ्याला खोली नाही. दादालाही डॉक्टरने बंद केलीये, त्यावरही तिचा पहारा असतो. "तुझा नाव घेत व्हती ती. वरचा पोरगा पीत नाय दिसत, त्याचे आयबापूस येनार हायेत, त्यालाच देऊ म्हनून. आता तुना बाटली घेऊन येताना बघितला आसंल तर गेलं काम," असं म्हणून किसनशेठने एक बोंबील उचलला.

अभय उठला. बसला. पुन्हा उठला. ज्या खोल्यांसाठी बाटली आणली त्या खोल्या बाटली नसती आणली तर मिळाल्याच होत्या. आता जाऊन काकींना सांगावं की मी पीत नाही? मग त्या विचारणार, बगलेत काय होतं? शेठला सांगावं की बाटली परत द्या? दिलेली वस्तू परत मागणारा भाडेकरू शेठने आजवर बघितला नसेल. तो अजून कुणाला तरी विचारता येतं का म्हणून इकडेतिकडे बघत होता, तेवढ्यात शेठ खोकं घेऊन आले, हत्ती फाडून बाजूला टाकले, आणि बाटली अभयच्या हातात दिली.

"उघड," ते म्हणाले.

अभयने उघडली. दुसरं काय करणार? झाकणाचा कट् असा आवाज झाला, आणि किसनशेठने एका पेल्यात बोटभर ओतून पेला अभयच्याच पुढे सरकवला. अभय समजला, की शेठला द्यायचाय. त्याने दोन्ही हातांनी शेठपुढे धरला. शेठने तो हातात घेतला, मान हलवली आणि परत अभयपुढेच धरला.

मग शेठने समजावून सांगितलं. त्यांचे वडील देवजी घरत, म्हणजे घरातले आबा, यांचा नियम होता. त्या काळी मिठागराच्या पलीकडून हातभट्टीची कॅनने यायची, आणि एका लग्नात ती पिऊन पाहुणे आडवे झाले. तेव्हापासून देवजींनी घरात ठरवून टाकलं की जो आणील त्याने सगळ्यांसमोर पहिला घोट घ्यायचा, मग यजमानाने, मग बाकीच्यांनी. पुढे सीलबंद बाटल्या आल्या, पण नियम तसाच राहिला. आणणाऱ्याने घोट घेतला नाही तर ती बाटली मोरीत ओतायची, आणि त्या माणसाला पुन्हा कार्याला बोलवायचं नाही.

क्वालिटीच्या माणसाला हा नियम एरवी फार आवडला असता. पण टाकीच्या कडेला त्याच वेळी कांद्याची ताटली घेऊन सरस्वतीकाकी येऊन उभ्या राहिल्या होत्या. अभयला त्या दिसल्या. शेठची त्यांच्याकडे पाठ होती. पेला घ्यावा तर काकी गेल्या आणि खोल्या गेल्या. नाही घ्यावा तर शेठ गेले, आणि मग चौथ्या मजल्याची खोली तरी कशावरून राहते? आणि घ्यावा म्हटलं तरी, घेणार कसा? हात पेल्याकडे जाईचना. पाचव्या शीलाला चढणारा तो आवाज जिंतूरहून थेट गच्चीवर आला होता.

"मी घेत नाही, शेठ."

"सगले आसाच बोलतात," किसनशेठ हसले.

"खरंच नाही घेत. कधीच नाही घेतली."

शेठ हसले नाहीत. त्यांनी पेला क्रेटवर ठेवला.

"मंग माझ्यासाठी आनलीस कनाला?"

आठवडाभर अभयने इतक्या जणांना इतकं विचारलं होतं, पण हे विचारायचं राहून गेलं होतं.

"तुझा बापूस घेतो?" शेठने विचारलं.

"नाही."

"त्याचे घरी कोनी आसा घेऊन आला तर काय करतो?"

इथे खोटं बोललेलं चाललं असतं. पण गोंधळलेल्या माणसाला खोटंही पटकन सापडत नाही. अभयने सांगून टाकलं. शर्मिलाच्या लग्नात लांबचा एक नातेवाईक पिशवीत बाटली घेऊन आला होता. बाबांनी त्याला दारातच हात जोडले आणि म्हणाले, हे बाहेर ठेवा आणि तुम्ही आत या.

डीजेवर तेवढ्यात गाणं बदललं.

"आनि माझे घरात तू आत घेऊन आलास," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर अभयला बरं वाटलं असतं. "तुमचा उंबरा तो उंबरा. आनि आमचा?"

अभय मग बोलत सुटला. बाबांचे गुडघे, टाकीची शिडी, मोजलेल्या आणि मोजल्या नाहीत म्हणून सांगितलेल्या पायऱ्या, कढीपत्ता, कुलूप, एजंट लोक नाव ऐकून काय करतात ते. आणि शेवटी, "तुम्हाला हेच आवडतं असं लोक म्हणाले."

"कोन लोक?"

"सगळेच."

शेठने किसनशेठकडे बघितलं. किसनशेठने टाकीकडे बघितलं. आणि शेठला काय वाटलं कोण जाणे, त्यांनी बाजूला पडलेला हत्तीचा कागद उचलून त्याच्या घड्या घालायला सुरुवात केली. साठीच्या माणसाला गावभरच्या लोकांनी कशावरून ओळखलं हे त्या कागदावर लिहिलेलं असल्यासारखे ते त्याकडे बघत राहिले. अर्थात डॉक्टरने बंद केलेली बाटली टाकीमागे आपणच आणली होती हेही त्यांना आठवलं असावं, कारण घडी घातलेला कागद त्यांनी घाईने खिशात घातला.

तेव्हा सरस्वतीकाकी पुढे झाल्या. त्यांनी कांद्याची ताटली क्रेटवर आदळली. शेठ दचकले.

"पीत नायस तू?" त्यांनी अभयला विचारलं.

"नाही, काकी."

"मंग जिन्यात बगलेत धरून चालला व्हतास ती?"

"हीच."

"मी खाली बोलले, गेला, यो बी गेला." काकींनी कपाळाला हात लावला. मग त्या शेठकडे वळल्या. पण शेठने त्यांच्याआधीच आपली कैफियत मांडली, की हा पोरगा स्वतः पीत नाही आणि आपल्याला पाजतो. किसनशेठने मध्येच नियमाची आठवण करून दिली. सील फुटलंय, पेला भरलाय, आणणारा तोंड लावत नाही. म्हणजे आता मोरी, आणि या पोराचं या घरात येणं बंद. आबांचा नियम म्हणजे नियम.

"मना नको शिकवू," काकी म्हणाल्या. "मामंजींना पेले मी भरून दिलेत. आननारा आजारी आसंल, उपासाला आसंल, तर त्याचे घरचा कोन बी घ्यायचा. इसरलास?"

किसनशेठने आठवून बघितलं आणि कबूल केलं. मग म्हणाले, पण याच्या घरचं इथे कोण आहे? जिंतूरला आहेत सगळे.

काकींनी पदर खोचला. पेला उचलला, करंगळी बुडवून दोन थेंब गच्चीच्या फरशीवर देवजींच्या नावाने टाकले, आणि उरलेलं एका दमात घशाखाली घातलं. सगळं तोंड आवळून आलं, डोळ्यांत पाणी आलं, त्यांनी घाईने कांद्याची एक फोड तोंडात टाकली.

"खालच्या खोल्यांत याचे आयबापूस येनार," घसा मोकळा झाल्यावर त्या म्हणाल्या. "माझे दारात राहनार म्हंजी माझेच घरचे. झाला पयला घोट."

अभयला आधी कळलंच नाही. खोल्या मिळाल्या हे त्याला किसनशेठने पाठीवर थाप मारली तेव्हा कळलं, आणि तेव्हाही त्याने एकदा शेठच्या चेहऱ्याकडे बघून खात्री केली. शेठ मात्र दुसऱ्याच विचारात होते. नियमाप्रमाणे आता यजमानाची पाळी होती. त्यांचा हात बाटलीकडे निघाला. काकींनी बाटली उचलून आपल्या कमरेवर टेकवली.

"आगो, मान माझा हाय," शेठ म्हणाले.

"हाय ना. घ्या की मान." आणि काकींनी रिकामा पेला त्यांच्या नाकाखाली धरला.

शेठने आधी भावाकडे, मग भाडेकरूकडे, मग बायकोकडे बघितलं. साठाव्या वाढदिवसाचा मानकरी, गळ्यात चेन, नाक्यावर बॅनर. त्यांनी डोळे मिटले आणि पेल्याचा खोल वास घेतला. पेला परत देताना ते अभयला म्हणाले, "तुझा बापूस आला का मना सांग. मी खाली येनार हाय त्याचे दारात. रिकाम्या हातानं."

ही धमकी की आमंत्रण, अभयला ठरवता आलं नाही. काकींच्या पाया पडावं असं त्याला वाटलं, पण त्यांच्या एका हातात बाटली होती, आणि बाटली धरलेल्या माणसाच्या पाया पडतात की नाही हे त्याला माहीत नव्हतं. त्या म्हणाल्याच, जा, मटण संपेल. तो गेला.

ताट हातात घेऊन, गच्चीच्या कठड्याशी, डीजेपासून होईल तितकं लांब उभं राहून त्याने जिंतूरला फोन लावला. तळमजला मिळाला म्हणाला. पुढे अंगण आहे म्हणाला. आईने मागून विचारलं, झाड आहे का, तर झाड आहे म्हणाला. मग बाबांनी त्यांचा प्रश्न विचारला.

"मालक काही घेत-बित नाहीत ना रे?"

अभयने टाकीकडे बघितलं. टाकीमागून हसण्याचा आवाज येत होता, आणि त्यात सगळ्यात मोठा आवाज काकींचा होता.

"नाही बाबा, मालक नाही घेत," तो म्हणाला.

मालकिणीचं बाबांनी विचारलं नाही.